तसबिरीची पाठही पाहा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या आपल्या कोणत्याही घरात पाऊल टाकले, की समोरच्या भिंतीवर प्रथम दोन तसबिरी दिसतात. एक तथागत भगवान बुद्धांची आणि दुसरी परमपूज्य बाबासाहेबांची. शेजारी माता रमाई, क्रांतिबा फुले, सावित्रीमाई. त्यांच्या बाजूला घरातली माणसे : फौजेतले आजोबा, मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत आयुष्य काढलेले वडील, नऊवारीतली आजी, कुणाच्या तरी लग्नातला जोडीचा फोटो. घर एका खोलीचे असो की चार, कौलारू असो की पत्र्याचे, ही भिंत असतेच.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या अनेकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी डायऱ्या लिहिल्या नाहीत, पत्रांचे गठ्ठे मागे ठेवले नाहीत. पुष्कळ घरांत त्यांच्या आयुष्याचा पुरावा म्हणून एखादा फोटोच उरला आहे. आणि तोच फोटो भिंतीवर वर्षानुवर्षे झिजत असतो. बांधवहो, थोडे कडू वाटेल, पण सांगितले पाहिजे. बऱ्याच तसबिरी आपल्या आदरापोटीच खराब होतात. फुलांचा ओला हार, अगदी खाली लावलेली मेणबत्ती, जयंतीच्या आदल्या दिवशी पाण्याने खळखळून पुसलेली काच. हे सगळे आपण श्रद्धेनेच करतो. ती श्रद्धा तशीच ठेवून हात थोडा कोरडा ठेवायला शिकलो, तर तसबिरी नातवंडांपर्यंत पोचतील.

ओल मागून येते

आपला भाग पावसाचा. नाणेघाट, माळशेज, आहुपे, भीमाशंकर या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो हे वेगळे सांगायला नको. पूर्वेकडे नारायणगाव, मंचर या बाजूला तो कमी असला, तरी चार महिने भिंती गार आणि दमट राहतातच. हा पाऊस नैऋत्येकडून येतो. म्हणून घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरील भिंती सर्वांत जास्त भिजतात. उन्हाळ्यात त्याच भिंती दुपारनंतर तापतात. तसबीर लावायला घरातली मधली भिंत, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत ती, सर्वांत चांगली.

आपण तसबिरीचे तोंड रोज पाहतो, पाठ कधीच पाहत नाही. भिंतीतली ओल मागच्या पुठ्ठ्यात शिरते, पुठ्ठ्यातून फोटोत येते आणि काचेवर ठिपके दिसू लागतात तेव्हा आपल्याला कळते. यावर उपाय जवळजवळ फुकटचा आहे. जुन्या स्लीपरच्या रबराचे किंवा बाटलीच्या बुचाचे दोन जाडसर तुकडे कापा आणि फ्रेमच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना चिकटवा. तसबीर भिंतीपासून बोटभर सुटी राहते, मागून वारा खेळतो, ओल साचत नाही.

काच आणि फोटो यांत अंतर हवे

पुष्कळ फ्रेमवाले फोटो थेट काचेला लावून मागून पुठ्ठा ठोकतात. छापील चित्राला ते एक वेळ चालेल, पण स्टुडिओत काढलेल्या खऱ्या फोटोला चालत नाही. अशा फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला हा सरसासारखा पदार्थ. दमट हवेत तो मऊ होतो आणि काचेला चिकटतो. म्हणून फ्रेम करताना काचेच्या आतून चारी बाजूंनी जाड कागदाची चौकट बसवायला सांगावे. तेवढ्याने फोटो काचेपासून दूर राहतो.

फोटो आधीच चिकटला असेल तर कृपया ओढून काढू नका. चेहऱ्याचा भाग काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. तो तसाच राहू द्या आणि काचेवरूनच त्याचा दुसरा फोटो काढून घ्या.

काच पुसताना तसबीर खाली उतरवून आडवी ठेवा. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा. डाग असेल तर फडके किंचित ओलसर करून मधून कडेकडे पुसा आणि कडेच्या आधीच थांबा. काचेवर पाणी शिंपडले की ते खालच्या पट्टीत उतरते आणि तिथून कागद ते पिऊन घेतो. हाराचेही तसेच. हार फ्रेमवर न टाकता दोन्ही बाजूंना दोन वेगळे खिळे ठोकून त्यांवर लावावा आणि संध्याकाळी उतरवावा. वंदनेच्या वेळी मेणबत्ती, अगरबत्ती तसबिरीच्या खाली न ठेवता पुढे टेबलावर दोन हात अंतरावर ठेवली, की काजळी वर चढत नाही.

पुठ्ठा कोणता, प्रकाश किती

आपले जुन्नर एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. जुन्नरी कागदावर लिहिलेली पेशवाईतली कागदपत्रे आजही वाचता येतात, कारण तो कागद चिंध्यांच्या लगद्याचा होता. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आणि पुठ्ठा मात्र काही वर्षांतच पिवळा पडतो. त्यातले आम्ल शेजारच्या फोटोलाही खाते. म्हणून फोटोच्या मागे वर्तमानपत्र घालू नये, आणि चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. आम्लरहित पुठ्ठा शहरात चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. फोटो त्यावर अल्बमच्या कोपऱ्यांनी बसवावा. जुनी फ्रेम उघडल्यावर आत एखादे जुने वर्तमानपत्र निघाले तर ते फेकू नका. त्यावरची तारीख पाहून तसबीर केव्हा बांधली याचा अंदाज करता येतो.

उन्हाचे काम आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दारासमोर लावलेल्या छापील चित्रात भगवंतांचे पिवळे चीवर फिके पडते आणि बाबासाहेबांचा निळा कोट मात्र तसाच दिसतो. छपाईतला पिवळा आणि गुलाबी रंग लवकर उडतो, निळा आणि काळा टिकतो, म्हणून असे होते. थेट ऊन पडणार नाही अशी जागा निवडावी. शिवनेरीच्या एका लेण्याच्या छतावर जुन्या रंगाच्या खुणा शिल्लक आहेत, त्या ऊन-पावसापासून आडोसा मिळाला म्हणूनच.

चमक यावी म्हणून चित्रावर तेल किंवा वॉर्निश लावू नये. अजिंठ्याचे उदाहरण आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेकोनी यांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारी चित्रे भिंतीला पुन्हा घट्ट बसवली, हे मोठे काम झाले. पण वरून दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावे लागले. तज्ज्ञांच्या हातून असे होते, तर आपण बाटली उघडायच्या भानगडीत न पडलेले बरे.

वर्षावासाची आठवण ठेवा

रोज निगा राखायला कुणाला वेळ आहे? म्हणून वर्षातून दोनच दिवस नेमावेत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. हेच आपले पावसाचे महिने. वर्षावासाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा सगळ्या तसबिरी उतरवून पाठ पाहावी. मागे मातीची रेघ दिसली तर वाळवी आहे. खाली पिठासारखा भुसा पडला तर पट्टीत भुंगेरा आहे. कागद कडेने कुरतडलेला असेल तर कसर लागली. अशी तसबीर इतरांपासून लगेच बाजूला ठेवावी आणि पट्टी, पुठ्ठा बदलावा. आत डांबराच्या गोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला घालू नये. पाल्यातून उलट ओल येते. त्याच वेळी खिळा, हूक आणि तार ओढून पाहावी. गंजलेली तार एका रात्रीत दगा देते.

नाव लिहा, प्रत काढा

आम्ही कारकून मंडळी कागदावर तारीख आणि नाव नसेल तर तो कागद दप्तरी लावत नाही. घरच्या फोटोंना हाच नियम लावा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि विचारा : हे कोण, कुठले, साल कोणते, प्रसंग कोणता? १९५६च्या धम्मदीक्षेच्या काळातल्या फोटोतली माणसे ओळखणारे आता फार थोडे उरले आहेत. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहा. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढे उमटतो आणि शाई झिरपते. पेन्सिल उठत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.

मग सावलीत, फ्लॅश न लावता मोबाईलवर त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि तो मुंबईच्या भावाला, नांदत्या लेकीला पाठवून ठेवा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले. गेलेल्या माणसांपुढे वस्तूंची मोजदाद करू नये. पण डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या आपण एवढे शिकावे, की एकुलता एक फोटो एकाच घरात ठेवू नये. शक्य असेल तर भिंतीवर नवी प्रत लावा आणि मूळ फोटो कागदात गुंडाळून कपाटात, जमिनीपासून उंच ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो.

माता-भगिनींनो, हे काम मुलांना बरोबर घेऊन करा. तसबीर उतरवताना मुले विचारतीलच, “ही आजी कोण?” तेव्हा सांगायला कुणीतरी घरात असावे आणि मागे लिहिलेले नाव वाचता यावे. येत्या वर्षावासाआधीचा एखादा रविवार यासाठी ठेवावा, एवढीच विनंती.

जयभीम!