‘अमर्याद’ या शब्दाची किंमत

घरी इंटरनेटची जोडणी घेताना ‘अमर्याद’ हा शब्द आपणांस भुरळ घालतो. वस्तुतः आपल्याकडील अशा कित्येक योजनांना महिन्याला सुमारे ३३०० जीबीची मर्यादा असते. ती बारीक टायपात छापलेली असते. कागद वाचण्यातच नोकरी गेलेल्या माझ्यासारख्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते! मर्यादा ओलांडली की जोडणी तुटत नाही, वेग मात्र मुंगीचा होतो. परंतु बिचकण्याचे कारण नाही. स्वच्छ चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. एक पडदा महिनाभर अहोरात्र चालविला तरी २१६० जीबीच होतील.

खरा प्रश्न निराळाच आहे. मोबाइलवर दिवसाला मिळणारे २ जीबी एकट्या माणसाला पत्रे नि बातम्या यांसाठी पुरून उरतात. त्याने हा खर्च का करावा? उलट, मुलांचे वर्ग, कचेरीचे काम आणि रात्रीचा चित्रपट ज्या घरात चालतो, तेथे तेच २ जीबी चाळीस मिनिटांत संपतात. अशा घराने जोडणी अवश्य घ्यावी. मात्र वरच्या योजनेचे जादा पैसे मुख्यतः वेगाचे असतात. सेकंदाला ३० मेगाबिट वेगावर आमच्या चौघांचे सुखाने भागते. आणि हो, जाहिरातीतल्या भाड्यावर १८ टक्के कर निराळा पडतो का, तेही आधी विचारून घ्यावे.