मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

लंडनला माल दाखवायला किंवा प्रदर्शनात गाळा मांडायला निघालेले कारागीर व व्यापारी बंधू आम्हाला हमखास विचारतात, "विमानाला किती तास लागतात?" प्रश्न साधा आहे. पण हिशेब चुकला तर ठरलेली भेट हुकते आणि ऑर्डर दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून हा हिशेब येथे मांडत आहोत.

मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, ती या मार्गावरील कंपनीची पहिली फेरी. आता थेट विमानाला जाताना साधारण नऊ ते दहा तास लागतात, येताना त्याहून थोडे कमी. कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

तिकिटावर मात्र वेगळेच दिसते. तेथे प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापलेली असते. मुंबईहून सकाळी ७ ला निघून लंडनला दुपारी १२ ला पोहोचणार, असे वाचून पाच तासांचाच प्रवास वाटतो. पण उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे प्रत्यक्ष प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेपाच तासांचा होतो. जाताना तो मिळवा, येताना वजा करा.

स्वस्त तिकिटासाठी अनेकजण दुबईमार्गे जातात. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि दुबई-लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर, म्हणजे अंतर दोनशेच किलोमीटरने वाढते. वेळ मात्र पुढच्या विमानाची वाट पाहण्यात जातो आणि प्रवास कित्येक तासांनी लांबतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात.

वाटही नेहमी सारखी राहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या अनेक विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला.

शिवाय मुंबईच्या विमानतळावर तीन तास आधी हजर राहणे, लंडनला पासपोर्ट तपासणी, सामानाची वाट आणि शहरात पोहोचणे, हे सारे धरले तर नऊ तासांचा प्रवास घरापासून मुक्कामापर्यंत पंधरा तासांवर जातो. आमचा सल्ला एवढाच : भेटीच्या किमान एक दिवस आधी पोहोचा. एका रात्रीचा मुक्काम हुकलेल्या सौद्यापेक्षा स्वस्त पडतो.