सभाधीटपणाची तालीम



महाडजवळच्या आमच्या वीर गावी शाळेत असताना एका सव्वीस जानेवारीला मी भाषणाला उभा राहिलो. ‘अध्यक्ष महाराज’ एवढे म्हटले आणि पुढचे सारे पाठांतर पळाले. मुले हसली, गुरुजींनी मला खाली बसविले. त्यानंतर कैक वर्षे मी सभेच्या वाटेला गेलो नाही. पुढे पोटासाठी वर्गावर उभे राहावे लागले आणि रोज तास घेता घेता ती भीती झिजली.

ही दातखीळ थोरांचीही बसली आहे. गांधीजी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तो डोके गरगरू लागले, प्रश्नच सुचेना. खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली.

भीतीपासून पळाले की घटकाभर बरे वाटते. पण मन म्हणते, ‘पळालो म्हणून वाचलो,’ आणि भीती पोसली जाते. उलट छाती धडधडली तरी तिथेच टिकून राहिले, तर मनाला कळते की काही बिघडले नाही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या एका बालकाची हकीगत प्रसिद्ध केली. ते आवडता खाऊ खात असता ससा थोडा थोडा जवळ आणीत आणि त्याची भीती गेली.

पण माणसाच्या तालमीसाठी रोज सभा आणायची कोठून? तिथे ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’, म्हणजे भासमान जग, उपयोगी पडते. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखे यंत्र चढवितात. दोन डोळ्यांना किंचित निरनिराळी चित्रे दिसतात, त्यामुळे खोली भासते. मान वळेल तसे दृश्यही वळते. समोर सभागृह येते: आधी रिकामे, मग चारपाच माणसांचे, मग भरलेले, शेवटी जांभया देणारे. सारे खोटे हे ठाऊक असूनही तळहातांना घाम सुटतो, म्हणूनच तालीम खरी होते. १९९८ साली अमेरिकेत मॅक्स नॉर्थ व सहकाऱ्यांनी असा प्रयोग प्रसिद्ध केला. पुढच्या प्रयोगांतही भीती उतरल्याचे दिसले. मात्र या यंत्राने कोणाकोणाला भोवळ येते, आणि भीती फार असेल तर हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, यंत्र नसले तरी अडत नाही. महत्त्व पायऱ्यांना आहे. मुलाला आधी घरच्या पडवीत एकट्याने बोलू द्या, मग एका मित्रापुढे, मग पाचांपुढे, मग वर्गापुढे आणि शेवटी व्यासपीठावर. अडखळले तर तेवढ्यावर खाली बसवू नका. श्वास घेऊ द्या, एक वाक्य तरी पुरे करू द्या. उद्या ग्रामसभेत नळाला पाणी का नाही, हे विचारायला त्यालाच उभे राहायचे आहे.