मुक्काम, मुदत आणि जामीनदार

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

'मुक्काम' आणि 'कायम' हे दोन शब्द आपण मराठीत इतके सहज वापरतो, की ते अरबी आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. दोघांचा मूळ धातू एकच. त्याच धातूपासून अरबीत आणखी एक शब्द झाला आहे, 'इकामा'. रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लिम मोहल्ल्यात हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. सौदी अरेबियात परक्या माणसाला राहण्याचा जो परवाना मिळतो, तो इकामा. पूर्वी तो छोट्या पुस्तिकेच्या रूपात असे, मग त्याचे कार्ड झाले, आता तो मोबाइलमध्येही दिसतो. शब्दाचे नाते 'कायम'शी, पण इकाम्यावर मोठ्या ठळकपणे लिहिलेली असते ती संपण्याची तारीख.

माझ्याकडे हे कागद येतात त्याचे कारण साधे आहे. लहानपणी कुराण वाचायला शिकल्यामुळे अरबी अक्षरे लागतात, आणि उर्दूच्या आधाराने थोडाफार अर्थही लागतो. शिवाय बी.ए. झालेला आणि कविता करणारा माणूस रिकामाच असणार, असा मोहल्ल्याचा ठाम समज आहे. त्यामुळे कुणाच्या मुलाचा व्हिसा आला की त्याची प्रत घेऊन आई किंवा चाची माझ्या ओटीवर येतात. गेल्या काही वर्षांत असे कागद वाचता वाचता जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, व्हिसा आणि राहण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. सौदीत नोकरीच्या व्हिशावर उतरल्यानंतर ९० दिवसांच्या आत इकामा काढावा लागतो, आणि तो काढायचा असतो नोकरी देणाऱ्याने. या नोकरी देणाऱ्याला आपली माणसे 'कफील' म्हणतात. कफील म्हणजे जामीनदार. कर्जाला जामीन राहणारा माणूस आपल्याला माहीत आहे. तो आपल्या पैशाची हमी घेतो. हा जामीनदार आपल्या तिथे असण्याचीच हमी घेतो. त्याने हमी काढून घेतली की आपण गुन्हा काही न करताही बेकायदा ठरतो. आखातातल्या सगळ्या देशांत थोड्याफार फरकाने हीच रचना चालत आली.

अमेरिकेला किंवा कॅनडाला गेलेल्यांचे नातेवाईक माझ्याशी बोलताना गोंधळतात तो इथेच. तिकडे नियम कितीही किचकट असले, तरी ठरावीक पायऱ्या चढल्यावर कायम राहण्याची परवानगी आणि पुढे नागरिकत्व मिळण्याची वाट तरी असते. आखातात सामान्य नोकरदाराची वर्षे जमा होत नाहीत. तीस वर्षे राहिलेला माणूस आणि परवा उतरलेला पोरगा, दोघांच्या परवान्याला मुदत तेवढीच. मूल तिथल्या इस्पितळात जन्मले तरी ते तिथले होत नाही. पैसेवाल्यांसाठी अलीकडे वेगळी दारे उघडली आहेत. २०१९ साली सौदीने विशेष निवासाची योजना आणली, तिची कायमच्या परवान्याची रक्कम होती ८ लाख रियाल. त्याच वर्षी अमिरातीने 'गोल्डन व्हिसा' सुरू केला. आमच्या मोहल्ल्यातून अजून तरी त्या दारांशी कुणी गेलेले नाही.

दुसरी गोष्ट, व्हिशावर लिहिलेला धंदा. लोक पगाराचा आकडा विचारतात, पण हा एक शब्द वाचत नाहीत. २०२२ साली एक चाची कागद घेऊन आल्या. मुलाला दुकानात कामाला लावणार असे एजंटाने सांगितले होते. कागदावर लिहिले होते 'साइक खास'. म्हणजे खासगी ड्रायव्हर, एखाद्या कुटुंबाच्या घरचा. मी म्हटले, "चाची, हा दुकानाचा व्हिसा नाही." त्या म्हणाल्या, "भाई, बांगड्या मोडल्या, पैसे देऊन झाले. आता तू असलं काही सांगू नकोस."

फरक काय पडतो, तो सांगतो. १४ मार्च २०२१ पासून सौदीत नवे नियम लागू झाले. एका मालकाकडे वर्ष पूर्ण केलेल्या कामगाराला मालकाच्या संमतीशिवाय दुसरी नोकरी धरता येते. सलग तीन महिने पगार मिळाला नाही किंवा इकाम्याची मुदत उलटली, तर त्याआधीही. सुट्टीवर जाऊन परत येण्याच्या परवानगीसाठी कामगार स्वतः अर्ज करू शकतो. मोठाच बदल हा. पण घरगुती नोकर, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर आणि मेंढपाळ यांना त्यातून वगळले. चाचींच्या मुलाच्या खोलीत राहणारा केरळचा पोरगा, कंपनीच्या व्हिशावरचा, वर्षभराने चांगल्या जागी गेला. हा मात्र दोन वर्षे त्याच घराची मुले शाळेत सोडत राहिला. एका शब्दाने एवढे केले.

याच धंद्याच्या शब्दावर आणखीही बरेच काही ठरते. बायको-मुलांना नेता येईल की नाही, तेही. साध्या मजुराच्या व्हिशावर कुटुंब नेता येत नाही. अमिरातीत २०१९ पासून धंद्याऐवजी पगार पाहतात: महिना ४ हजार दिरहम, किंवा राहण्याची सोय असेल तर ३ हजार. कुवेतमध्ये व्हिसा कलमाच्या आकड्याने ओळखला जातो. खासगी कंपनीचा तो अठरा नंबर, घरकामाचा तो वीस नंबर. अठराऐवजी वीस हातात पडला, तर दार वेगळे आणि घरही वेगळे.

'आझाद व्हिसा' हा शब्द तर आपल्याकडे इतका रुळला आहे की तो सरकारी प्रकार आहे असेच वाटते. असा व्हिसा कुठल्याच कायद्यात नाही. कुणीतरी आपल्या नावावर व्हिसा काढतो, पैसे घेतो, आणि "जा, पाहिजे तिथे काम कर" म्हणतो. दर वर्षी इकाम्याच्या वेळी पुन्हा पैसे मागतो. वास्तविक सौदी कामगार कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे इकामा आणि त्याचे नूतनीकरण यांचा खर्च, उशीर झाला तर त्याचा दंडसुद्धा, मालकाने सोसायचा असतो. पण आझाद व्हिसावाला तक्रार करणार कशी? दुसऱ्याकडे काम करणे हाच मुळात त्याचा गुन्हा.

आणि मालक बिनसला तर त्याच्या हातात 'हुरूब' असते. हुरूब म्हणजे पळून जाणे. कामगार कामावरून गायब झाला, अशी मालकाने नोंद केली की माणूस बेकायदा. गायब झालेला माणूस पुष्कळदा त्याच गल्लीत, त्याच खोलीत असतो. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एकाला आपल्यावर अशी नोंद आहे हे सुट्टीचा अर्ज केला तेव्हा कळले. त्याची आई गावात आजारी होती. कागद सुटेपर्यंत चार महिने गेले. तो आला तेव्हा कबरीवरची माती बसून गेली होती. २०२२ मध्ये नियम थोडा सैल झाला. अशा नोंदीनंतर दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला ६० दिवस मिळू लागले. महिन्यातून एकदा सरकारी अॅपवर आपली स्थिती स्वतः पाहावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. त्यासाठी त्या अॅपला जोडलेला मोबाइल नंबर आपलाच असावा लागतो, मालकाच्या कारकुनाचा नव्हे.

देश सोडायलाही परवानगी लागते, हे ऐकून इकडच्या लोकांना नवल वाटते. अरबीत बाहेर जाण्याला 'खुरूज' म्हणतात. आपला 'खारीज' आणि आपला 'खर्च' त्याच घरातले. सुट्टीवर येऊन परत जायचे तर 'खुरूज-औदा', कायमचे निघायचे तर 'खुरूज निहाई'. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी ही बाहेर जाण्याची परवानगी काढून टाकली आणि २०२० मध्ये घरगुती कामगारांनाही ती सूट दिली. त्याच वर्षी नोकरी बदलायला मालकाचे पत्र लागण्याची अटही गेली. म्हणून सगळीकडे वारे एकाच दिशेने वाहते असे समजू नये. कुवेतने १ जुलै २०२५ पासून अठरा नंबरवाल्यांना देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाची मंजुरी घेणे सक्तीचे केले. दहा वर्षांपूर्वी परत आलेल्या मामूचा सल्ला आज चालेलच असे नाही, तो याचसाठी.

सुट्टीवर आलेल्यांनी तारखा पाहाव्यात. सौदीत परत जाण्याच्या परवानगीची मुदत इकडेच संपली, तर अडचण. अमिरातीत साधारणतः सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले की निवासाचा परवाना आपोआप बाद होतो. गणपती, ईद, बहिणीचे लग्न, घराचा स्लॅब, असे करत करत माणूस इथे थांबतो आणि तिकडे कागद मरून जातो.

आता इकडची बाजू. आपल्याकडे १९८३ चा परदेशगमनाचा कायदा आहे. दहावी पास नसलेल्याच्या पारपत्रावर 'ईसीआर' असा शेरा पडतो, आणि आखातासह अठरा देशांत नोकरीला जाण्याआधी त्याला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. लोकांना हा अडथळा वाटतो. पण त्या मंजुरीबरोबरच करारनामा तपासला जातो आणि १० लाख रुपयांचा प्रवासी भारतीय विमा उतरतो. हा अडथळा चुकवायला एजंट मुलाला फिरायच्या व्हिशावर पाठवतो. 'तिकडे गेल्यावर बदलून घेऊ' हे त्याचे वाक्य पाठ असते. फिरायच्या व्हिशावर काम करणे बेकायदा. अमिरातीत मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड, आणि विमा नाही, करार नाही, म्हणून दूतावासाच्या हातीही काही धड कागद नाही. परवानाधारक एजंटाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर पाहता येते. त्याने घ्यायची सेवाफी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून अधिक नाही. आमच्याकडे लोक दीड लाख देतात आणि पावतीही मागत नाहीत.

आणखी एक अडचण वैद्यकीय तपासणीची. छातीच्या एक्स-रेवर जुन्या क्षयाचा डाग दिसला, तर आजार पूर्ण बरा झालेला असूनही माणूस 'अनफिट' ठरतो. एजंटाला पैसे देण्याआधी साधा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवला, तर पुष्कळ बांगड्या वाचतील.

कुटुंब घेऊन राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा. माझे मेहुणे १९९१ पासून जेद्दाला होते. आपा तिकडेच, तिन्ही मुले तिकडेच जन्मली. जुलै २०१७ मध्ये सौदीने परक्या नोकरदाराच्या कुटुंबातल्या दर माणशी महिना १०० रियाल कर लावला. तो दर वर्षी शंभराने वाढत जुलै २०२० मध्ये ४०० वर गेला, आणि भरायचा इकाम्याच्या नूतनीकरणाबरोबर, आगाऊ. मेहुण्यांचा पगार साडेचार हजार रियाल. चार माणसांचा हिशेब ४०० वरून १६०० वर जाणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर मांडले. २०१८ च्या मे महिन्यात आपा मुलांना घेऊन गावी आली. नववीतली भाची इंग्रजी आणि हिंदी छान बोले, मराठी मात्र पाहुण्यांसारखी. तिला 'ळ' म्हणता येईना, म्हणून वर्गातल्या पोरी रोज तिच्याकडून 'बाळू काळे' म्हणवून घेत.

त्या वेळी एक कागद उपयोगी पडला, तो मुलांच्या जन्मनोंदणीचा. आखातात जन्मलेले आपले मूल भारतीयच, हे खरे. परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात व्हावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. धाकट्याच्या जन्मानंतर दोन महिन्यांत मेहुण्यांनी ती केली होती. त्यांच्याच खोलीतल्या एका सोबत्याने केली नव्हती. त्याच्या मुलाला शाळेत घालायच्या वेळी तो कागदांमागे दीड वर्ष फिरत होता.

पारपत्राविषयीही एक सांगायला हवे. ते मालकाचे नाही आणि खरे तर आपलेही नाही, कायद्याने ती भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने ते कुलपात ठेवणे सौदीतही नियमाबाहेर आहे. तरी 'सगळ्यांचेच ठेवतात' म्हणून मुले देऊन टाकतात. निदान त्याची आणि इकाम्याची छायाप्रत घरी ठेवावी. दूतावासाकडे किंवा 'मदद' या सरकारी पोर्टलवर तक्रार करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न पारपत्राच्या नंबराचाच असतो, आणि तो घरात कुणालाही पाठ नसतो.

मेहुणे २०२१ मध्ये खुरूज निहाई घेऊन आले. निघताना मिळणाऱ्या सेवासमाप्तीच्या रकमेचा नियम असा: पहिली पाच वर्षे, वर्षाला अर्ध्या महिन्याचा पगार, त्यानंतर दर वर्षाला पूर्ण महिन्याचा. तीस वर्षे म्हणजे अडीच अधिक पंचवीस, साडेसत्तावीस महिने. त्या देशात वर्षे जमा झालेली मी पाहिली ती एवढ्या एका हिशेबात. कंपनीच्या कारकुनाने 'सर्व येणे मिळाले' असा अरबी कागद आधी सहीला पुढे केला. मेहुण्यांनी त्याचा फोटो काढून मला पाठवला. मी रात्री दोनदा वाचला आणि कळवले, की पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करू नका. पैसे नवव्या दिवशी आले, सही दहाव्या दिवशी झाली. बाहेर पडण्याच्या ६० दिवसांतले उरलेले दिवस त्यांनी उमरा करण्यात आणि खोलीतला पंखा विकण्यात घालवले.