क्रिलच्या पिल्लांचा पहिला हिवाळा

अंटार्क्टिक क्रिल (युफॉसिया सुपर्बा) हा दक्षिण महासागरातला, जेमतेम ६ सेंटिमीटर लांबीचा कवचधारी प्राणी. दिसायला कोकणातल्या जवळ्याचा थोरला भाऊ, पण कूळ निराळे. देवमासे, सील, पेंग्विन यांची पोटे त्याच्यावर भरतात. त्याचा जन्म मात्र या सगळ्यांच्या आवाक्याबाहेर, खोल काळोखात होतो.

डिसेंबर ते मार्च या दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात मादी एका खेपेला हजारो अंडी पाण्यात सोडते. सुमारे ०.६ मिलिमीटरचे हे अंडे पाण्याहून जड असते. ते बुडत जाते आणि आठवडाभरात ७०० ते १,००० मीटर खोलीवर फुटते. तिथले पाणी पृष्ठभागापेक्षा किंचित उबदार असल्याने वाढीला वेग येतो. शिवाय प्रौढ क्रिल पाणी गाळून खातात आणि त्यांच्या तावडीतून स्वतःच्या जातीची अंडीही सुटत नाहीत. खोलवर तो धोका उरत नाही. अंडी खाली आणि पिल्ले वर, या प्रवासाची मांडणी १९६२ मध्ये क्रिलचे अभ्यासक जेम्स मार यांनी केली. हेच मार कोवळ्या वयात स्काउट म्हणून अंटार्क्टिक शोधक शॅकल्टनच्या अखेरच्या मोहिमेत सामील झाले होते.

अंड्यातून निघणाऱ्या डिंभाला, म्हणजे नॉप्लियसला, तीन जोड्या अवयव असतात. खाण्याची सोय नसते. नॉप्लियसच्या दोन अवस्था आणि त्यानंतरची मेटानॉप्लियस, या तिन्ही केवळ अंड्यातल्या बलकाच्या शिदोरीवर निभतात. कात टाकत, पोहत, सुमारे तीन आठवड्यांत डिंभ वर पोहोचतो. तोवर तो कॅलिप्टोपिस या पुढच्या अवस्थेत गेलेला असतो. आता तोंड उघडते आणि शिदोरीही संपते. दीड-दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पती मिळाल्या नाहीत, तर पुढे अन्न सापडूनही तो वाचत नाही.

कॅलिप्टोपिसचे तीन टप्पे. त्यांत डोळे पाठकवचाखाली झाकलेले असतात आणि पोहण्याचे काम स्पृशा करतात. पुढच्या फर्सिलिया अवस्थेचे टप्पे सहा. या काळात देठावरचे हलते डोळे कवचाबाहेर येतात, पोटाखाली पोहण्याचे पाय फुटतात आणि स्पृशांचे काम त्यांच्याकडे जाते.

खरी कसोटी हिवाळ्याची. प्रयोगशाळेत प्रौढ क्रिल २०० हून अधिक दिवस अन्नाविना जगले आहेत. उपाशीपोटी कात टाकताना ते चक्क आकाराने लहान होतात. फर्सिलियाजवळ चरबीचा तेवढा साठा नसतो. म्हणून ती समुद्री बर्फाच्या खालच्या बाजूला, खाचाखोचांत राहून तिथले शेवाळ खरवडून खातात. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर वितळला, तर हे कुरणच आखडते आणि पुढच्या वर्षी तरुण क्रिलची संख्या घटू शकते. जी तगतात, ती वसंतापर्यंत प्रौढांसारखी दिसू लागतात. प्रजननक्षम व्हायला त्यांना आणखी साधारण दोन वर्षे लागतात.