वांग, डाग आणि आठवड्यात उजळवणारी ट्यूब

औषधाच्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत एक दृश्य हमखास दिसते. एखादी महिला गालावरील तपकिरी डागाकडे बोट दाखवून ‘यावर काहीतरी द्या’ म्हणते आणि काउंटरवरील मुलगा क्षणाचाही विचार न करता एक छोटी ट्यूब पुढे सरकवतो. डॉक्टरांची चिठ्ठी तो मागत नाही. आठ-पंधरा दिवसांत डाग खरोखरच फिका पडतो, त्वचा तुकतुकीत दिसू लागते आणि त्या ट्यूबचे नाव बहीण, जाऊ, शेजारीण असे करत सोसायटीभर पोहोचते. त्वचारोगतज्ज्ञांकडे पुढे येणाऱ्या अनेक अवघड रुग्णांची कहाणी येथूनच सुरू होते.

त्वचेचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणाऱ्या रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. हे द्रव्य म्हणजे उन्हापासून संरक्षण करणारी शरीराची छत्रीच होय. मुरूम फुटला, चटका बसला, कांजिण्या येऊन गेल्या किंवा वॅक्सिंगने त्वचा दुखावली, की तेथील रंगपेशी चेकाळतात आणि गरजेपेक्षा अधिक मेलॅनिन सोडतात. मागे उरतो तो काळा डाग. सावळ्या त्वचेत हे अधिक प्रमाणात घडते, म्हणून आपल्याकडे मुरमापेक्षा त्याच्या डागाचीच तक्रार मोठी असते.

वांगाचे प्रकरण याहून चिवट. दोन्ही गाल, कपाळ, वरचा ओठ यांवर तो पसरतो. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता ही त्याची ओळखीची कारणे आणि या सर्वांना खतपाणी घालणारे कारण म्हणजे ऊन. तो पुरुषांनाही होतो, मात्र स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. बाळंतपणानंतर काहींचा वांग आपोआप फिका होतो, काहींचा वर्षानुवर्षे राहतो.

मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरात साचले असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि उपचारांना दाद देतो. ते खालच्या थरात उतरले असेल तर डागाला करडी-निळसर छटा येते आणि तो हटायला फार काळ लागतो. त्वचेचा वरचा थर नवा होण्यास साधारण चार आठवडे लागतात, वय वाढते तसे आणखी जास्त. त्यामुळे सुरक्षित मार्गाने डाग फिका करायचा तर हिशेब महिन्यांचाच असतो. मग ती ट्यूब आठवड्यात काय करते?

तिच्यात बहुधा तीन औषधे असतात : रंगद्रव्याची निर्मिती रोखणारे हायड्रोक्विनोन, पेशींची उलाढाल वाढवणारे ट्रेटिनॉइन आणि दाह दाबणारे स्टिरॉइड. हे मिश्रण बनावट वा अशास्त्रीय मुळीच नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी १९७५ मध्ये ते मांडले. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशाच एका तिहेरी मलमाला वांगासाठी मान्यता दिली, तीही सौम्य स्टिरॉइडसह आणि आठ आठवड्यांपर्यंतच्या अल्पकालीन उपचारासाठी. आपल्याकडे दोष शिरला तो वापरात. काही मलमांत अधिक तीव्र स्टिरॉइड आले, आठ आठवड्यांची मुदत विसरली गेली आणि उपचाराचे मलम रोजचे ‘क्रीम’ होऊन बसले.

चेहऱ्याची त्वचा पातळ असते. तिच्यावर महिनोन्‌महिने स्टिरॉइड चोळले, की ती आणखी पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, कधी हनुवटीवर व गालांवर केस वाढतात. मलम थांबवावे तर चेहरा लाल होऊन आग होते, डाग पूर्वीपेक्षा गडद होऊन परततो आणि घाबरलेली व्यक्ती पुन्हा तीच ट्यूब आणते. व्यसनासारखेच हे चक्र. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेले २,९२६ रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याच्या १४ स्टिरॉइड्सना असलेली सवलत काढून त्यांना ‘शेड्यूल एच’खाली आणले, म्हणजेच चिठ्ठीविना त्यांची विक्री बेकायदा ठरवली. काउंटरवर मात्र अद्याप फारसा फरक जाणवत नाही. ग्राहकाला एवढे करता येईल : ट्यूबवर लाल रेघ आहे का ते पाहावे आणि बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव आढळले तर ती परत करावी. अनेक महिने लावून झाले असेल, तर मात्र ते एकदम सोडू नये. कसे कमी करायचे ते डॉक्टर ठरवतात.

कंपनीचा पत्ता वा घटकांची यादीच नसलेल्या, पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या डब्यांचा धोका वेगळाच. त्यांत पारा असू शकतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील एका रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आढळले. त्यांपैकी १५ जणांमधील विकाराचा प्रकार दुर्मीळ होता आणि या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. चेहरा उजळवण्याच्या नादात मूत्रपिंड गमावण्याची वेळ यावी, यापरते दुर्दैव कोणते?

मग करावे काय? सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत कंटाळवाणा आहे : सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा अधिक, तर्जनी व मधल्या बोटावर पूर्ण लांबीची रेघ भरेल एवढे, चेहरा आणि मानेसाठी. उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. लोकलच्या दाराशी उभे राहणाऱ्यांनी आणि दुचाकीस्वारांनी तर नक्कीच. काचेमागे बसणाऱ्यांनीही, कारण यूव्हीए किरण काचेतून आत येतात. वांगावर साध्या दृश्य प्रकाशाचाही परिणाम होतो. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी ठरते. त्याच्या जोडीला अॅझेलेइक आम्ल, कोजिक आम्ल, ‘क’ जीवनसत्त्व यांची मलमे डॉक्टर सुचवतात. हे न करता नुसते पील किंवा लेझर करून घेणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंत रंगवण्यासारखे आहे. शिवाय लेझरच्या उष्णतेने सावळ्या त्वचेवर नवे डाग उमटू शकतात.

घरगुती उपायांत बेसन-दूध बहुतेकांना निरुपद्रवी. लिंबू मात्र टाळावे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि जिथे डाग नव्हता तिथेही तो पडतो. दुधात उगाळलेल्या जायफळानेही नाजूक त्वचेला जळजळ होऊ शकते आणि प्रत्येक जळजळ म्हणजे रंगपेशींना नवे निमंत्रण.

मानेवरचा आणि काखेतला काळपटपणा या साऱ्यात धरू नये. मखमलीसारखा जाडसर, साबणाने घासूनही न जाणारा हा थर बहुतेकदा मळाचा नसतो, शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. वजन जास्त असलेल्या मुलांच्या माना आया दगडाने घासतात. त्यांनी दगड ठेवून आधी मुलाची रक्तातील साखर तपासून घ्यावी.