बिनतारी संवाद, लेखांक 7 : डब्यावरचे किलोमीटर

या आठवड्यात डिजिटल वॉकी-टॉकी सेटबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या खेपेला. डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न डोंगरात सेट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे, म्हणून आज सगळी जागा त्यालाच देतो.

त्यांचा गट नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढत होता. काही मंडळी आधीच पाचनईकडून वर येऊन कोकणकड्यावर थांबली होती. खाली बेलपाड्यातून कड्यावरच्यांशी बोलणं अगदी स्वच्छ झालं. नळीत शिरल्यावर मात्र अंतर कमी होऊनही नुसती खरखर. ते विचारतात, ‘डब्यावर दहा किलोमीटर लिहिलंय, इथे एकसुद्धा धड मिळालं नाही. पाच वॉटचा सेट घ्यावा का?’

त्यासाठी नका घेऊ. कारण सांगतो.

सेटच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा आणि त्याला 4.12 ने गुणा. सेटचं रेडिओ-क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. उभ्या माणसाच्या तोंडाशी धरलेला सेट जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याचं क्षितिज येतं पाच किलोमीटरवर. समोरच्याचंही तितकंच. दोन्ही मिळून दहा. डब्यावरचा आकडा एवढ्या हिशोबात बसतो, पण तो सपाट समुद्रासारख्या जागेत, आणि तिथेही कागदावरच. लहरींना दोन अँटेनांमधली नुसती रेघ मोकळी मिळून भागत नाही, त्या रेघेभोवती जाडजूड पट्टा मोकळा लागतो. 446 मेगाहर्ट्झवर दोन माणसं पाच किलोमीटरवर असतील, तर मधोमध या पट्ट्याची त्रिज्या जवळजवळ 29 मीटर भरते. मैदानात दोघे एकमेकांना दिसत असले तरी पट्ट्याचा खालचा निम्मा भाग जमिनीत गाडलेला असतो. म्हणून माळावर एक-दोन किलोमीटरला आवाज फाटायला लागतो आणि कड्यावरून खोल दरीत तोच सेट खणखणीत चालतो. बेलपाडा ते कोकणकडा हा पट्टा निसर्गानेच मोकळा ठेवलाय. नळीत दोन्ही बाजूंना कातळ उभा.

आता वॉट. अर्ध्या वॉटवरून पाच वॉटवर गेलात तर ताकद दहापट होते, पण अगदी मोकळ्या जागेतसुद्धा अंतर वाढतं जेमतेम सव्वातीनपट. कातळाच्या आड गेल्यावर सिग्नल शंभरपट घटणं नेहमीचंच. दहापटीने तिथे काय होणार? वर बॅटरी लवकर संपणार ती वेगळीच.

वॉटपेक्षा फ्रिक्वेन्सी कुठली हे जास्त महत्त्वाचं. माझ्याकडे तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे सेट वर्षानुवर्षं वापरात आहेत. 27 मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडची लहर अकरा मीटर लांब, त्यामुळे चांगली पाव-लहरी अँटेना पावणेतीन मीटरची हवी. ती हातात धरून नळी चढणार कोण? मग दांडी आखूड करून तळाशी कॉइल घालतात आणि बरीचशी ताकद तिथेच वाया जाते. हा बँड गाडीवर शोभतो, हातात नाही. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींचा 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा मला डोंगरात सगळ्यात जवळचा. ही लहर धारेवरून खाली जरा जास्त वाकते. खोल सावलीत 446 च्या तुलनेत घट साधारण एक तृतीयांश. ओल्या झाडीतही तिचं कमी अडतं. पण त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि गटातल्या बिनपरवाना मित्राच्या हाती सेट देऊन तू बोल म्हणता येत नाही. उरतो 446. पाव लहर 17 सेंटिमीटरची, त्यामुळे खिशात मावणाऱ्या सेटचीही अँटेना बऱ्यापैकी काम करते. गुहेच्या तोंडातून, इमारतीच्या खिडक्यांतून ही आखूड लहर मोठीपेक्षा सहज आतबाहेर करते. गडावरच्या गुहेत मुक्कामाला हाच सेट बरा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ हा पट्टा 2018 च्या नियमांनुसार परवानामुक्त आहे. मंजुरीप्राप्त आणि फक्त याच पट्ट्यात चालणारा सेट घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेली जोडी बहुधा 462 ते 467 मेगाहर्ट्झची असते. तिकडे ती बिनपरवाना चालते, इकडे नाही. ऑनलाइन दुकानांत सर्रास खपणाऱ्या सेटच्या वर्णनात फ्रिक्वेन्सीचा पत्ताच नसे. 2025 मध्ये केंद्राने त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे फार बरं झालं. फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल तर सेट घेऊच नका.

मग नळीत करायचं काय? सेट आहे तोच ठेवा, माणसं नीट उभी करा. कड्यावरचा माणूस धारेपासून दहा पावलं मागे तंबूत बसला, की मधली जमीनच आड येते. नळीचं तोंड जिथून डोळ्यांना दिसतं, अशा सुरक्षित जागी त्याने थांबायचं. कोकणकड्यावर धारेशी जायचंच तर पालथं झोपून, आणि सेटची दोरी मनगटात अडकवून. दुसरा एक भिडू खाली, नळीबाहेरच्या मोकळ्या जागेत हवा. वरचं त्याला आणि त्याचं आतल्यांना ऐकू जातं. निरोप त्याने जसाच्या तसा पुढे सांगायचा, आपल्या शब्दांत नाही.

चढणाऱ्याने सेट कमरेच्या पट्ट्याला लावून बोलू नये, अंगच बरीच लहर शोषून घेतं. तो काढा, तोंडासमोर चार बोटांवर धरा, अँटेना उभी ठेवा. बटण दाबल्यावर श्वासभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘थांबू नका’मधलं ‘थांबू’ गेलं आणि ‘नका’ तेवढंच पोचलं तर खालचे काय समजतील? उत्तर येईना झालं तर मॉनिटरचं बटण दाबून धरा. सेट एरवी बारीक सिग्नल खरखरीसकट गाळून टाकतो. ते बटण दाबलं की खरखर सुरू होते, पण तिच्यात बुडालेला आवाज ओळखता येतो. तरीही काही ऐकू आलं नाही तर दोन पावलं बाजूला सरका. 446 ची लहर 67 सेंटिमीटरची. कातळावरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि हातभर अंतरावर साथ देतात. पाच वॉटच्या सेटचे पैसे वाचतील, त्यात जादा बॅटरी घ्या.

डिजिटलचं पुढच्या आठवड्यात, आणि तेव्हा नळीचा प्रश्न पुन्हा काढावा लागेल, कारण खरखरीतून शब्द वेचायची सोय डिजिटल सेटवर नसते.